जांभळ्या टोपणाची नळी

सुईमावशींचा हात इतका हलका, की रडणारं पोर सुई टोचून झाल्यावर विचारायचं, "कधी टोचणार?" जीभ मात्र तिखट. उपाशीपोटी यायला सांगितलेला माणूस चहा पिऊन आला, की परत पाठवताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तीस वर्षं त्यांची छोटी लॅब अशी चालली.

मग समोर नवी लॅब उघडली. साठ तपासण्या अर्ध्या दरात, दोन तासांत रिपोर्ट! मावशींचा बाक रिकामा पडला. स्पर्धा आली की माल स्वस्त होतो आणि चांगलाही होतो, असं काउंटरवर बसणारा त्यांचा नवरा पेपरातून वाचून दाखवायचा. "साबणाचं होत असेल तसं," मावशी म्हणायच्या. लॅब आणखी दोन महिने तगेल की नाही याची खात्री नव्हती, तरी संशय आलेली तपासणी पुन्हा केल्याशिवाय त्या रिपोर्ट सोडत नसत.

एका सकाळी शेजारचे मास्तर घामाघूम होऊन आले. समोरच्या लॅबच्या रिपोर्टप्रमाणे त्यांचं पोटॅशियम जिवावर बेतण्याइतकं वाढलं होतं. ताबडतोब ॲडमिट व्हायचं होतं.

"मावशी, टोमॅटो मी दाबून घेतो हो. हा रिपोर्ट कसा दाबून बघायचा? स्वस्त दिसला, गेलो."

मावशींनी कागद पाहिला. पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम तळाला. त्यांच्या लगेच लक्षात आलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं आणि त्या औषधातच पोटॅशियम असतं, शिवाय ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. पोटॅशियम तपासायच्या लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून कुणीतरी जांभळीतलं तिच्यात ओतलं होतं. त्यांनी नव्याने रक्त काढून तपासलं. सगळं ठीक निघालं. मास्तर बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

नवऱ्याला मात्र उकळ्या फुटल्या. "अगं, देवाने दार उघडलंय! बाहेर बोर्ड लावतो, समोरच्यांचं पितळ उघडं पडू दे."

"अहो, गप्प बसा जरा," म्हणत मावशी रस्ता ओलांडून गेल्या.

आत एकटी तंत्रज्ञ बाई शंभर नळ्यांशी झुंजत होती. मावशींनी हळू आवाजात विचारलं, "आणखी किती जणांचं ओतलंस?"

बाईचा चेहरा पांढरा पडला. "नोकरी जाईल हो माझी."

"मी बोभाटा करायला नाही आले गं. नावं सांग."

तीन नावं निघाली. दोघीजणी फोनला लागल्या. पहिले दोघे घरीच होते. तिसऱ्याचा फोन त्याच्या बायकोने दवाखान्यातून उचलला. पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन भरून तयार होतं.

"टोचू देऊ नका!" मावशी ओरडल्या. "डॉक्टरांना फोन द्या. आधी रक्त परत तपासायचंय."

फोन ठेवून त्या वळल्या. दारात नवरा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बोर्ड लावला असता ना," त्या म्हणाल्या, "तर या लॅबवाल्यांनी कानावर हात ठेवले असते. मग हा माणूस आपल्याला सापडला असता का?"

तिसऱ्याचं रक्त आणायला नवऱ्याने स्कूटर बाहेर काढली.