फुटकी बाटली सोडवेना

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यासमोर बसून बावीस वर्षं तिने एकच काम केलं: तडा गेलेली बाटली दिसली की उचलून बाजूला टाकायची. केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर चहा प्यायचा तर आधी कप दाखवून घ्यावा लागतो."

शेजारच्या स्टुलावर धाकटी जाऊ बसे. दीर अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं घर त्या स्टुलावरच चाललं होतं.

मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं आणि त्यासोबत प्रशिक्षणाच्या बाई. बाई खरंच भल्या. सगळ्यांना एकाच वर्गात कोंबायचं नाही, ज्याला जे जमतं तेच शिकवायचं, हा त्यांचा हट्ट. घारीशी त्या तासभर बोलल्या आणि अगदी तिच्या मापाचं काम काढलं: यंत्राला फुटकी बाटली ओळखायला शिकवायचं.

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती हरखून गेली.

यंत्र शिकलं की त्याच्यावर लक्ष ठेवायला ती एकटी पुरे आणि धाकटीचं स्टूल उठणार, हे तिला आठवड्याने कळलं. बाईंनी धाकटीसाठीही काम शोधलं होतं, पण ते दूरच्या शहरात. आजारी नवऱ्याला टाकून ती जाणार कशी? घारीने मनाशी ठरवलं, यंत्राला खोटं शिकवायचं. चार-दोन फुटक्या बाटल्या चांगल्या म्हणून सोडायच्या. कोण बघतंय?

सकाळी पहिली चिरलेली बाटली आली. तिने हात मांडीखाली दाबून धरला. उद्या हिच्यात कुणाच्या तरी लेकराचं औषध भरणार, हे मनात आलं मात्र, हात सुटला आणि यंत्राला 'फुटकी' सांगणाऱ्या लाल बटणावर पडला. पुढच्या बाटलीला तेच. दिवसभर तेच. स्वतःच्याच हाताचा तिला संताप आला.

महिन्याभरात यंत्र तिच्याइतकं तयार झालं. स्टूल उठलं त्या संध्याकाळी तिने जावेला सगळं सांगून टाकलं.

धाकटी म्हणाली, "ताई, ती बाटली मलाही सोडवली नसती."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी घार एकटीच कामावर निघाली, तेव्हा तिचा डबा धाकटीने भरून ठेवला होता.