ट्रान्समीटरच्या जाळीवरचे बिबडे

सत्त्याण्णव साली सिल्वासाच्या टेकाडावर एक छोटं एफएम रेडिओ केंद्र होतं. त्याचा आवाज रांध्याला पोचता पोचता खोकायला लागायचा, आणि खडोलीत कारखान्यांच्या मोटारी सुरू झाल्या की नुसती भजी तळल्यागत चरचर. आमच्या धुळ्याकडचा कारभारी नावाचा गडी तिथे मदतनीस होता. ट्रान्समीटरवर फडकं मारायचं, काटे बघायचे, साहेबाला चहा आणायचा. पण डोकमर्डीच्या चाळीत सांगायचा, "मी हात काढला की अख्खी नगर हवेली मुकी!"

एक गोष्ट तेवढी सांगत नसे. ट्रान्समीटर थंड राहावा म्हणून मागे पंखा असतो. तो गरम हवा पत्र्याच्या नळीतून बाहेर फेकतो, नळीच्या तोंडाला जाळी. या दमट मुलखात आपले ज्वारीचे पापडासारखे बिबडे काही केल्या वाळत नाहीत, बुरशी धरतात. कारभारीने एकदा जाळीवर धोतराचा तुकडा टाकून चार बिबडे ठेवले. तासाभरात कडकडीत! मग रोज चार.

त्या मंगळवारी साडेबाराला, महिलांच्या कार्यक्रमात, त्याच्या बायकोची, बायडाबाईची, हळदीची गाणी लागणार होती. टेप आधीच झालेली. बायडाबाईने सगळ्या चाळीला ऐकायला बोलावलं होतं आणि घरातले होते नव्हते ते बिबडे तळायला काढले होते. म्हणून नवे ओलसर पाटीभर नवऱ्याकडे दिले नि बजावलं, "आज खरखर ऐकू उनी ना, ते घर येवानं काम नही!"

पाटी रिकामी करायची म्हणून कारभारीने जाळीवर दोन थर लावले.

बायडाबाईचं दुसरं कडवं सुरू झालं नि लाल दिवा लागला. सगळं चिडीचूप. इंजिनीअर सदाशिव साहेब, मूळचे रत्नागिरीचे, धावत आले.

"तापून ट्रिप झालाय, आपोआप बंद पडलाय! पंखा बंद आहे का रे?"

पंखा तर बिचारा बोंबलत होता. साहेब मागे गेले आणि तिथेच थांबले.

"हे पापड कोणाचे?"

नोकरी टांगणीला, तरी कारभारीला राहवलं नाही. "पापड नाही साहेब. बिबडे."

"ट्रान्समीटरच्या नाकावर बिबडे?"

"रोज चारच असतात. आज जरा गर्दी झाली."

मशीन निवायला दहा मिनिटं लागली. तोवर निवेदिका नलिनीताई स्टुडिओतून बाहेर आल्या. "मी आत स्वतःशीच बोलतेय का?"

"ताई, गाणं पहिल्यापासून लावा," कारभारीने हात जोडले. "नाहीतर मला आज इथेच निजावं लागेल."

ताईंनी ढोकळ्याची कृती कापली आणि टेप मागे फिरवली. "तांत्रिक कारणामुळे दिलगीर आहोत म्हणते."

"म्हणा," साहेब म्हणाले. "कारण काय ते सांगू नका."

संध्याकाळी कारभारी छाती काढून घरी आला. बायडाबाई भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"काय वं, ऐकू उनं नही का?"

"उनं ना! समदं उनं! हाऊ मना आवाज शे? डबामा कोंडेल बकरीना गत! तुमना मशीनमाच खोट शे!"

तेवढ्यात शेजारची कमळाबाई दारातून म्हणाली, "मशीनला कशाला नावं ठेवते, बाई? आम्ही रोज हाच आवाज ऐकतो."

पंधरा दिवस बायडाबाई कमळाबाईशी बोलली नाही. कारभारी मात्र फुकटात सुटला.