फिरंगी डबीतली लाली

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, ती डबी उघडायला इतका वेळ लावायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आत साप आहे. तळहातात मावेल एवढी, निळ्या मीनाकारीची फिरंगी डबी. झाकणावर झोपाळ्यावर बसलेली मड्डम, कडेनं सोनेरी वेल, आत इवलासा आरसा. धुळ्यातला एक साहेब विलायतेला परतला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात थोरल्या दिरांनी ती घेतली होती. मडमेच्या केसासारख्या बारीक भुवया दाखवत अक्का म्हणायच्या, "कोनी इतली मेहनत करेल शे, उघडाले घाई कशाले?"

तळाशी थोडी लाली उरली होती. अक्कांना ते विलायती कुंकू वाटलं. श्रावणात घरी नारळाच्या रूपात कानबाई देवी बसायची, तेव्हा नारळाला डोळे काढून, नथ घालून त्यांनी तेच कपाळी लावलं. बोटाला राहिलेलं सहज गालांवर फिरवलं, तर आमची कानबाई चक्क लाजली! गल्लीतल्या बाया पुन्हा पुन्हा बघून गेल्या.

आमचे हे मुंबईला शिकलेले. म्हणाले, "वहिनी, ही मडमांच्या गालांची लाली. देवीला कसली लावता?" सासूबाईंचा चेहराच उतरला. अक्का मात्र नथ सरळ करत म्हणाल्या, "कानबाई बाईच शे ना, भाऊ? मंग नटू द्या ना तिले." सासूबाईंना हसू फुटलं आणि विषय संपला. लाली सरल्यावर अक्का तांदळाच्या पिठीत चिमूटभर कुंकू खलून नेमका तोच रंग आणायच्या. मला तो कधी साधला नाही, आणि हे त्या चारचौघींत सांगायच्या.

थोरले दीर गेले. पुढची कानबाई आली तेव्हा अक्कांना कुणी काही बोललं नाही. विधवेनं देवीला हात लावायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यांनीच रंग खलायचं सोडून डबी माझ्या हातात ठेवली. "आते हाई तुनी." मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. मीच रंग खलून कानबाईचे गाल रंगवत होते, तोच दाराआडून आवाज आला, "डावा गाल फिका शे." मी पुन्हा बोट फिरवलं. "आते जमनं." पुढे दरवर्षी कानबाई अशीच सजली.

अक्का गेल्यानंतरच्या पहिल्या कानबाईला मी डबी सावकाश उघडली. उजवा गाल रंगवला. डावा मुद्दाम फिका ठेवला आणि दाराकडे कान लावून बसले. बायांनी गाणी धरली, स्वयंपाकघरातून नैवेद्याच्या रोटांचा वास आला. सकाळी कानबाई विसर्जनाला पांझरा नदीवर निघाली, ती तशाच फिक्या गालानं.