मागाच्या खडखडाटातला टॅब

आमच्या वर्गातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही. शाळा सुटल्यावर टॅब पुसून चार्जिंगला लावताना प्रत्येकावर कुणाची तरी चिकट बोटं उमटलेली असतात, आणि त्या बोटांचा मालक आज काय बोलला ते आठवून मी एकटीच हसत बसते. बेळगावात, वडगावातल्या मराठी शाळेत मी डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला शिकवते, तेही गेम खेळवून. त्यामुळे बाकीचे वर्ग आमच्यावर जळतात.

* * *

हेडमास्तरही आधी नाराज होते. "शाळेत गेम? बाई, लोक काय म्हणतील?" म्हणत ते तपासायला आले. कानावर ज्या अक्षराचा आवाज पडेल, ते पाठीवर असलेला मासा पकडायचा, एवढाच खेळ. सर खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळानं शिपाई सही घ्यायला आला, तर मान वर न करता म्हणाले, "थांब रं, मासा निसटतोय."

* * *

दुसऱ्या गेममध्ये अस्वल आहे. शब्द बरोबर जुळवला की त्याला लाडू मिळतो, चुकला की ते जंगलात परत जातं. कणकुंबीच्या जंगलाकडचा ओंकार इथे मामाकडे राहून शिकतो. फळ्यावर शब्द नीट जुळवणारा हा पठ्ठ्या टॅबवर मात्र प्रत्येक शब्द चुकवायचा. मी डोकं धरलं. शेवटी विचारलं, तर तो मलाच समजावायला लागला.

"लाडू दिला की सवय लागती बाई. मग रोज घराकडं येतंय. तुमच्याकडं अस्वलं न्हाईत, म्हणून तुम्हाला ठाऊक न्हाय."

त्याला मी पोपटाचा गेम दिला.

* * *

डिस्लेक्सिया हा शब्द मुलांना सांगावा की नाही, यावर आम्ही शिक्षकांनी चहा गार होईपर्यंत चर्चा केली. शेवटी मी सांगून टाकला. सातवीतली सारिका म्हणाली, "बरं झालं. आधी नुसतं ढ म्हणायचे. ह्यो शब्द इंग्लिश हाय, म्हंजे औषध असणार."

औषध नाही, सराव आहे, असं सांगितल्यावर तिचं तोंड उतरलं. "म्हंजे मलाच करायचं व्हय?"

* * *

याच सारिकाचे आप्पा एकदा शाळेत आले. घरात यंत्रमाग आहेत. "परीक्षा झाली की तिला घरी बसवतो," ते म्हणाले. "मला बी असंच व्हायचं. अक्षरं जाग्यावर ऱ्हायची न्हाईत. मागावर काय अडलं न्हाय माझं."

बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. तोवर तिला टॅब घरी नेऊ द्या, एवढं मी मागून घेतलं.

घरी टॅबवर तिची बरीच अक्षरं बरोबर यायला लागली. सगळ्यात जास्त चुकायची ती प, ब आणि म. मला नवल वाटलं. त्या खडखडाटात हिला आवाज ऐकू तरी कसा येतो?

"मला न्हाय येत," ती म्हणाली. "आप्पा टॅब कानाला लावत्यात आणि ओठांनी सांगत्यात. माग चालू असला की आम्ही सगळे तसंच बोलतो."

प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. म्हणून तीच चुकत होती.

* * *

परीक्षा जवळ आली तशी मी आप्पांची शेवटची विनवणी करायला त्यांच्या घरी गेले. माग धडाधड चालू होते. मी दारातच थांबले, कारण सारिका आप्पांसमोर टॅब घेऊन उभी होती. मी दुपारीच त्यात एक नवी गोष्ट घातली होती, आवाज नसलेली.

ती शब्दांखालून बोट फिरवत होती आणि नुसते ओठ हलवत होती. मध्येच अडायची, बोट मागे न्यायची, पुन्हा पुढे. आप्पांचा एक हात मागावर होता आणि नजर तिच्या ओठांवर.

आप्पांनी खटका ओढून तो माग थांबवला. मग जाऊन दुसराही थांबवला. वीज असताना वडगावात कुणी माग बंद करत नाही. शेजारची बाई काय झालं म्हणून डोकावली.

आप्पा खाली बसले आणि म्हणाले, "आता आवाज काढून वाच."