फोटोंच्या पाठीवरची नावं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी हानाबाईंसाठी पेज डब्यात भरत होते. "आजी पहाटे गेल्या," सिस्टर म्हणाली आणि लगेच विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" एकतीस वर्षं मी त्या घरात वावरले. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "कामवाली". "मग नातेवाइकांचा नंबर द्या," सिस्टर म्हणाली. मी दिला, फोन ठेवला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं… कुणासाठी, कोण जाणे. याला आता सात आठवडे झाले. रडून झालं. उरलाय तो राग, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही म्हणून माझ्या लेकीच्या, सुजाताच्या जुन्या वहीत लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी मान खाली जाते. वहीपुढे तशी जात नाही.

हानाबाई ज्यू होत्या. आपल्या कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू आहेत, त्यांतल्या त्या नव्हेत. त्या व्हिएन्नाच्या. तीन वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर बोटीनं मुंबईला उतरल्या. वडील डॉक्टर. तिकडे त्यांचा दवाखाना फोडला, दारावर रंगानं शिव्या लिहिल्या, म्हणून पळून आले. इथे आले तर युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी त्यांना तारेच्या कुंपणाआड नेऊन बसवलं, का, तर म्हणे हा माणूस शत्रूच्या देशाचा. ज्यांनी हाकललं त्यांचाच माणूस म्हणून कैद! हे बाई मला पहिल्यांदा सांगत होत्या तेव्हा मी भांडी घासत होते, आणि माझ्या हातातली कढई तशीच राहिली. बाई मात्र हसत होत्या. "हस ना गं," म्हणाल्या, "इतका मूर्खपणा फुकटात बघायला मिळतो कुठे?" सुटल्यावर डॉक्टरांनी देवळाली कॅम्पात दवाखाना टाकला. बाई तिथेच वाढल्या, शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, भाऊ कॅनडाला गेला, आणि त्या पत्र्याच्या पडवीच्या बैठ्या घरात शेवटपर्यंत राहिल्या. मराठी अगदी बाजारातली बोलायच्या. मला उशीर झाला की पडवीतूनच ओरडायच्या, "आली का राणीसाहेब? पालखीचं चाक निखळलं वाटतं!" मी म्हणायचे, "पालखीला चाक नसतं बाई." "म्हणूनच उशीर होतो," त्या म्हणायच्या.

त्यांच्या पलंगाखाली एक ट्रंक होती. तिच्यात आईवडिलांचे पासपोर्ट, पत्रं, शाळेचे दाखले आणि फोटो. आईच्या पासपोर्टवर मोठं लाल अक्षर छापलेलं, ही बाई ज्यू आहे म्हणून. आणि नावापुढे 'सारा' लिहिलेलं. मी म्हटलं, "आईचं नाव तर एल्सा ना?" बाई म्हणाल्या, "सरकारनं सगळ्या ज्यू बायकांच्या नावाला सारा जोडायचा हुकूम काढला होता. सगळ्यांना एकच. माणसं मोजायला सोपी जातात." मला माझे आजोबा आठवले. घरात त्यांना किसन म्हणायचे, आणि घोटीच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरानं कचरू लावून ठेवलेलं. सुजाताच्या जात पडताळणीच्या वेळी त्याच रजिस्टरच्या नकलेसाठी मी किती खेटे घातले होते! एका कागदावर पोरीचं शिक्षण अडतं, एका कागदावर सुटतं, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि त्यामुळेच माझ्या हातून पहिली चूक झाली. आमच्या वस्तीत महत्त्वाचा कागद हातात आला की माणूस आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेशन करून आणतो. जातीचा दाखला, मार्कशीट, रेशनकार्ड, सगळं चकचकीत, पाणी पडलं तरी फिकीर नाही. बाई एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या असताना मला वाटलं, आपण त्यांना खूश करू. ट्रंकेत त्यांच्या रोझाआजीची शेवटची चिठ्ठी होती. युद्धात दुसऱ्या देशात फक्त पंचवीस शब्द पाठवता यायचे, तेवढीच ती. आम्ही बरे आहोत, हानाला दूध देत जा, आम्ही प्रवासाला निघतो आहोत, असं काहीसं. त्या प्रवासातून आजी परत आली नाही. कुणीच आलं नाही. ती चिठ्ठी मी लॅमिनेशनला दिली. मशीनमध्ये कागद घडीवर चुरगळला आणि एक ओळ दुमडून आत गेली, कायमची. पंचवीसातले चार शब्द.

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "शोभा, कागदाला वारा लागतो. तू त्याचा गळा आवळलास." मी तिथेच खाली बसून रडले. "ऊठ," त्या म्हणाल्या, "आता शीक तरी."

मग त्यांनी मला शिकवलं. दर वर्षी दसऱ्यानंतर, पावसाची ओल गेली की, आम्ही पडवीत खाटेवर धुवट पांढरी चादर अंथरायचो आणि एकेक कागद सावलीत ठेवायचो. ऊन नाही, नुसता वारा. मी वाळलेला कडुनिंब मलमलच्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यांत घालायचे. फोटो कडेला धरायचा, तेलाचा हात लावायचा नाही. आणि फोटोच्या पाठीवर नाव लिहायचं, ते पेन्सिलनं, हलक्या हातानं, दाबून नाही. बाईंचा हात थरथरायला लागला होता म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "मला इंग्रजी कुठे येतं?" "मराठीत लिही. मेलेल्यांना काय फरक पडतो?" म्हणाल्या. बेचाळीस फोटो. त्या सांगायच्या, मी लिहायचे. 'पॉलमामा, नवी सायकल.' 'ग्रेटामावशी, कुत्र्याचं नाव मोरी.' 'आत्या आणि तिची जुळी.' बाईंना ते फार आवडायचं. म्हणायच्या, "बघ, इंग्रजीत सगळ्या आँटी. तुझ्या भाषेत कोण कुणाची कोण ते एका शब्दात कळतं." नाव लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम. मी वाचायचे, त्या डोळे मिटून मान हलवायच्या. त्यातलं एकही माणूस जिवंत राहिलं नव्हतं. थडगं नाही, तारीख नाही, काही नाही. मी, घोटीच्या किसनची नात, देवळालीच्या पडवीत बसून त्यांची नावं वाचायची…

बाई गेल्यावर भावाचा मुलगा कॅनडाहून आला. डेव्हिड. साठीचा, उंच, हळू बोलणारा. वाईट माणूस नव्हे, हे मला लिहायलाच हवं, नाहीतर राग खोटा होईल. घर रिकामं करून द्यायचं होतं. मी रोज झाडायला जायचे. तो इंग्रजीत काही म्हणायचा, मी मान हलवायचे. ट्रंक परदेशातल्या कुठल्याशा संग्रहाला द्यायची, एवढं मला सुजातानं सांगितलं होतं. मला बरं वाटलं. एके सकाळी गेले तर टेबलावर सगळे फोटो पालथे मांडलेले. तो चष्मा लावून, जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखा एकेक पाठ खोडरबरानं घासत होता. बेचाळीसच्या बेचाळीस. मला बघून हसला, एक फोटो उचलून दाखवला आणि म्हणाला, "क्लीन!"

मी काय केलं? ओरडले? त्याचा हात धरला? नाही. मी फडकं आणलं आणि टेबल पुसलं. एकतीस वर्षांची सवय. खोडरबराचा करडा चुरा तळहातावर घेतला, केराच्या डब्यापर्यंत गेले, आणि मग मला कळलं की हातात काय आहे. बाईंची पेपरमिंटची पत्र्याची डबी ओट्यावर होती. त्यात तो चुरा ओतला आणि घरी आले.

सुजाता अंबडला कंपनीत क्लार्क आहे. संध्याकाळी आली तर मी दिवा न लावता बसलेली. ऐकून तिनं पर्स आपटली. "मग तू काय बोललीस त्याला?"

"काय बोलणार? टेबल पुसलं."

"टेबल पुसलं! आई, धन्य आहेस तू. त्यानं घर पेटवलं असतं तर राख भरून आणली असतीस!"

दुसऱ्या दिवशी ती हाफ डे टाकून माझ्याबरोबर आली. इंग्रजीत फडाफडा बोलली. डेव्हिड आधी हसरा होता, मग त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणाला, त्याला वाटलं कुणा मुलांनी रेघोट्या ओढल्यात, संग्रहाला मूळ वस्तू स्वच्छ द्यावी. मी मध्येच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाच्या बोलण्यात मध्ये बोलले. "त्याला विचार, रेघोट्या सरळ ओळीत असतात का? त्याला विचार, मी रोज समोर झाडत होते, मला बोटानं खूण करून विचारता आलं नाही का?" सुजातानं विचारलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "माझ्या वडिलांनी यांतलं एकही नाव कधी घेतलं नाही. आत्यानं मला का नाही सांगितलं?"

तिथे माझा राग वळला तो बाईंवर. का नाही सांगितलं, बाई? फोनवर दर रविवारी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतात. एक कागद लिहून ठेवायचा होता की ही नावं आहेत, ती शोभानं लिहिलीत, शोभाला विचारा. तुम्हाला वाटलं मी आहेच. मी आहेच, पण मला कोण विचारणार होतं? आणि पेन्सिल का, तर म्हणे फोटोला इजा नको. दाबू नकोस, दाबू नकोस. दाबून लिहिलं असतं तर उजेडात तिरपं धरून वण तरी वाचता आले असते. मी धरून बघितलं. काही नाही. तुमचं किती ऐकलं मी!

डेव्हिडनं बाईंची खुर्ची मागे ओढली आणि मला बस म्हणाला. त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. त्यानं पेन पुढे केलं. मी पेन्सिल मागितली. राग आला तरी नियम बाईंचा होता. पण सुजाताला म्हटलं, "तू वहीत पेननं उतरव, मराठीत आणि इंग्रजीत." मी फोटो बघत गेले, नाव मोठ्यानं म्हणत गेले, लिहीत गेले. पॉलमामा. ग्रेटामावशी. रोझाआजी, हातात छत्री. आत्याची जुळी, त्यांत डावीकडचा फ्रिट्झ, त्याचा एक मोजा खाली आलेला. डेव्हिड माझ्यामागून प्रत्येक नाव म्हणायचा. 'मावशी' त्याला म्हणता येईना, तरी म्हणायचा. चाळीस झाले. एकेचाळीस झाले.

बेचाळिसावा फोटो तळ्याकाठच्या बाकावरच्या दोन बायकांचा. एकीनं दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलंय. त्यांची नावं लांबलचक होती, जीभ अडकेल अशी. ती लिहिली त्या दिवशी शेजारीण पडवीत येऊन बसली होती. तिच्यासमोर मोठ्यानं वाचायची मला लाज वाटली. मी पुटपुटले. हानाबाई म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. बरं, उद्या वाच." ते उद्या राहिलं. एक अक्षर आठवेना. मी कितीतरी वेळ पेन्सिल धरून बसले. मग ती खाली ठेवली आणि त्या फोटोची पाठ कोरी राहिली. डेव्हिडचा आला नव्हता इतका संताप मला त्या क्षणी स्वतःचा आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ट्रंक गेली. जाताना मी ताजा कडुनिंब घातला. विमानात चालतो की नाही, मी विचारलं नाही. घराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. पेपरमिंटची डबी माझ्या फळीवर असते. झाकण उघडलं की अजून बाईंच्या पर्सचा वास येतो. परवा सुजाता फळी आवरत होती. तिनं डबी उघडली आणि म्हणाली, "आई, हा कचरा अजून ठेवलास?"

"ठेव ती खाली," मी म्हटलं. माझा आवाज बाहेर गल्लीपर्यंत गेला असेल. "कचरा नाही. दोन बायका आहेत त्यात."