पट्टी खड्ड्यात धरली

बायको गेली आणि पुढच्या वर्षी मी भाटघर धरणाकडच्या रस्त्याला लागून असलेलं खाचर विकलं. कुणी फसवलं नाही. एकट्यानं भात लावायचा नव्हता, म्हणून सही केली. तिथं दुकानांची इमारत होणार होती. आणि त्याच जमिनीवर मला काम मिळालं, पट्टी धरायचं.

पट्टी म्हणजे आकडे लिहिलेली उंच फळी. इंजिनीअर बाई लांब तिपाईवर दुर्बीण लावून बघायची आणि ती सांगेल तिथं मी पट्टी सरळ उभी धरायची. आकड्यावरून तिला कळायचं, जमीन कुठं उंच, कुठं खोल. माझ्या पोरीपेक्षा लहान असेल. मला बाबा म्हणायची.

असं उभं राहिलं की डोळे मिटायला लागतात. सकाळचं धुकं धरणाकडनं यायचं आणि बांध नसलेलं ते सपाट रान त्यात पाण्यासारखं दिसायचं. मला वाटायचं, धुकं फाटंल आणि पलीकडं बायको वाकलेली दिसंल. दिसली नाही. पण मी रोज बघायचो.

पहिलं काम काळी माती काढायचं. भाताची माती पाणी धरते, वर इमारत टिकत नाही. हातभर काळं काढायचं, खाली मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. जेसीबी दोन दिवसांत राबाच्या कोपऱ्यापर्यंत आला. राब भाजायची जागा ती. शेण, पाला पसरून दर उन्हाळ्यात बायको तिथं जाळ करायची आणि मग भाताचं, नाचणीचं बी फेकायची. चाळीस वर्षं भाजून तिथली माती बुक्क्यासारखी झाली होती. मला त्या कोपऱ्यात कुणाला जाऊ द्यायचं नव्हतं.

जेसीबीवाल्याला म्हणालो, "हितलं झालंय. पलीकडं घे."

"झालंय? मला तर काळं दिसतंय, आजोबा."

"तुला काय कळतंय? पन्नास वर्सं म्या हितं नांगर धरलाय."

तो हसला आणि गेला. मग बाई माप घ्यायला आली. मी आधीच फावड्यानं हातभर खड्डा काढून ठेवला होता. पट्टी त्यात उभी केली. दुर्बिणीतून खालचं काही दिसत नसावं. आकड्यात जमीन हातभर खाली दिसली. बाईनं वहीत लिहिलं, हात वर केला. झालं. मी पायानं माती लोटून खड्डा बुजवला.

दुपारी भाकरी खाताना खळं आठवलं. एका वर्षी खळं करताना मी एक मऊ जागा तशीच सारवून टाकली होती. मळणीला बैलाचा पाय तिथंच रुतला. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "वरनं सारवलं म्हंजी आतलं घट्ट व्हत न्हाई, धनी. कुणाला फशिवताय? बैलाला?"

आता मुरमाचे डंपर उद्यावर आले होते. मी उठून बाईकडं गेलो.

"बाई, राबाच्या कोपऱ्यात काळं तसंच हाय. म्या पट्टी खड्ड्यात धरली."

ती बघतच राहिली. "का, बाबा?"

"माझी बायकू तिथं राब भाजायची."

तिनं वही उघडून तो आकडा खोडला. मग म्हणाली, "तिथं खांब येणार आहे हो."

"म्हणून तर सांगितलं."

जेसीबीनं कोपरा उचलला तेव्हा मी पाठ फिरवली नाही. म्हणालो, एवढी माती बाजूला टाक. तो म्हणाला, "आजोबा, माती ती माती. तिला काय नाव असतं?" आणि सगळी एकाच ढिगावर ओतली. मी संध्याकाळपर्यंत हातानं उकरत बसलो. काळ्यातून काळं कसं निवडणार? नाही निवडता आलं.

मग मुरूम आला. पाण्याचा टँकर रोज त्या काळ्या ढिगाला खेटून उभा राहायचा, त्याचा गळका नळ ढिगावर ठिबकायचा. मी पट्टी धरून उभा असायचो. आता मापं खरी द्यायचो.

एका सकाळी धुकं विरलं आणि टँकरच्या बाजूनं ढिगाला हिरवं दिसलं. बारीक, दाट. गवत नव्हे, नाचणी. नाचणीचं रोप मी ओळखणार नाही तर कोण? राबात सांडलेलं बी भिजून उगवलं होतं. तेवढ्याच जागी, म्हणजे राबाची माती तीच. बाकी ढीग काळाच.

"बाबा, पट्टी हलतेय," बाई ओरडली.

मी पट्टी खाली ठेवली आणि घमेलं उचललं. मुळं तुटू नयेत म्हणून फावडं घेतलं नाही, हातानं काढली माती. दोन घमेली झाली. तिसऱ्याला मान वर केली तर बाई तिपाई सोडून जवळ उभी होती, माझी पट्टी हातात धरून.

"घ्या सावकाश," ती म्हणाली. "आकडे कुठं पळत नाहीत."