ओढ्याअलीकडची वस्ती

आमचं गाव उतारावर आहे. खाली नदी, म्हणजे वर्षातले दहा महिने नुसती वाळू, वर डोंगर. मध्ये एक ओढा, आणि ओढ्यापलीकडं अर्ध्या तासाच्या चढणीवर मेंढपाळांची वस्ती. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या नकाशात ही वस्ती ओढ्याच्या अलीकडं, मारुतीच्या देवळाला चिकटून आहे. तो नकाशा मी काढला. रेघा सरळ आहेत, अक्षर सुंदर आहे.

पंधरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात टँकरच्या अर्जाला गावाचा नकाशा जोडायचा होता. लांबच्या वस्तीला टँकरची वेगळी खेप मिळायची. गावाला लागून असली तर तिची माणसं गावातच धरायची आणि पाणी गावच्या विहिरीत ओतायचं. विहीर दूध सोसायटीच्या चेअरमनच्या मोसंबीच्या बांधाला होती, आणि तिच्यावर त्याची मोटार होती. सरपंच त्याची बायको, खुर्चीत तो.

"वस्ती जरा खाली घे," तंबाखू मळत तो म्हणाला.

"साहेब, ती तर डोंगरावर हाय."

"कागदावर कुठला आलाय डोंगर रं? सोसायटीला सेक्रेटरी पायजे. तुझं अक्षर लई चांगलं हाय."

मी वस्ती खाली घेतली. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या खुर्चीत बसलो.

रोज सकाळी वस्तीवरच्या बाया घरच्या गाईंचं दूध घेऊन यायच्या आणि जाताना त्याच किटल्यांत विहिरीचं पाणी भरून चढ चढायच्या. मोटार चालली असेल त्या दिवशी रिकाम्याच. माझं काम दुधात काचेची नळी सोडून डिग्री बघायचं. डिग्री कमी लागली की दुधात पाणी घातलंय असं समजायचं, आणि ते दूध मोरीत ओतून द्यायचं. चारा नसला की जनावराच्या दुधाची डिग्री आपोआप उतरते, हे मला ठाऊक होतं. तरी एका म्हातारीचं दूध मी सलग तीन दिवस ओतलं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाणी घातलंय म्हणतूस व्हय, बाबा? कुठलं घालू? आमाला प्यायला न्हाई."

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. मोरीला आंबट घाण वास सुटला होता आणि त्यावर माशा बसल्या होत्या.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकरचा अर्ज निघाला. जुनाच नकाशा जोडायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा ती चढण चढलो. इतकी वर्षं गावात राहून पहिल्यांदा. ओढ्याच्या वर दोनदा बसावं लागलं. म्हातारी अजून होती. तिनं मला ओळखलं, आत गेली, पाण्यानं तांब्या भरून आणला.

"घे. डिग्री बघून पी."

मी प्यालो. नको म्हणायचं तोंड मला नव्हतं.

नवा नकाशा घेऊन ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला गेलो. खुर्चीत आता चेअरमनची सून. शेजारी तोच, दात पडलेला.

"पयला बी तूच काढलाय ना?" तो म्हणाला. "मग तवा खोटा कशापायी काढलास, ते लिहून दे. सहीनिशी. मग बघू तुझी नोकरी."

मी कागद मागितला आणि तिथंच लिहिलं: वस्ती ओढ्याच्या पलीकडं आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं, सेक्रेटरीच्या जागेसाठी मी ती अलीकडं दाखवली. त्याचं नाव मात्र लिहिलं नाही. तेवढी हिंमत तेव्हाही नव्हती, आताही झाली नाही.

नोकरी गेली, पण त्या कागदासकट नवा नकाशा अर्जाला लागला. टँकर आता वर जातो. ओढ्यातून चढताना त्याचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. जुना नकाशा अजून भिंतीवरच आहे. तो काढायला ठराव लागतो म्हणे.